उभ्या गाडीतली हवा

सदरमधल्या खाण अपघाताच्या चौकशी कार्यालयासमोर पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू. एसी चालू. मागच्या सीटवर मार्तंडराव मरून पडले होते. काचेवर आतून त्यांच्या तळहाताचे ठसे होते.

मे महिन्याची दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

इन्स्पेक्टर प्रमोदिनी लांजेवारनं दार उघडलं. भट्टीसारखी झळ अंगावर आली.

"एसी लावूनच गेलो होतो मॅडम," मार्तंडरावांचा पुतण्या अपूर्व रडत म्हणाला. "काकाले चालता येत नव्हतं. साक्षीचा नंबर आला का, एवढंच पाहाले गेलो. तिथं वेळ लागला."

"कन्हानहून येताना गाडी गार होती?"

"एकदम. काकांनी शाल मागितली."

"मग उभी केल्यावर काय झालं?"

"एसीचा गॅस संपला असंल. पिंटूनं कालच सर्व्हिसिंग करून आणली."

पिंटू घरचा ड्रायव्हर. त्या दिवशी सुट्टीवर होता. बोलावल्यावर लगेच आला.

"मागच्या दाराचं चाइल्ड लॉक तू लावलं?"

"नाही जी. घरात लेकरूच नाही. काहून लावू?"

प्रमोदिनीनं एकटीनंच बॉनेट उघडलं. एसीच्या पंख्याच्या वायरचा प्लग निघालेला होता. तुटलेला नव्हे, खटका दाबून काढलेला. ती कोणालाच काही बोलली नाही. प्लग तसाच राहू दिला.

दुसऱ्या दुपारी तिनं अपूर्वला त्याच गाडीतून कन्हानहून आणलं. ती चालवत होती, तो शेजारी, मागे दोन पंच. वाटभर हवा बर्फासारखी.

सदरच्या सिग्नलला तिनं ब्रेक लावला. हवा अजून गारच होती. अपूर्वनं बटण दाबून काच खाली केली. बाहेरची लू आत शिरली.

"काच काहून उघडली?"

"असंच. गुदमरून राहिलो."

"बंद करा."

काच वर गेली. थोड्या वेळात हवा कोमट झाली, मग गरम. अपूर्वच्या कानशिलावरून घाम ओघळू लागला.

"एसी आतली उष्णता उचलून पुढच्या जाळीतून बाहेर टाकतो," प्रमोदिनी म्हणाली. "गाडी धावते तोवर वारा ती नेतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा नसला, की दाब वाढून कॉम्प्रेसर बंद पडतो. आत फक्त गरम हवा फिरते. गॅस संपला असता तर काकांनी वाटेत शाल मागितली नसती. प्लगचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी गरम व्हायच्या आधीच तुम्ही काच उघडली."

अपूर्वचा हात पुन्हा काचेच्या बटणाकडे गेला.

"खाणीतले आधाराचे खांब काढायचा हुकूम तुमचा होता. तीन मजूर दबून मेले. काका ते काल साक्षीत सांगणार होते. म्हणून प्लग काढला, मागचं दार आणि काचा आतून उघडणार नाहीत असं केलं."

मागून पंच खाकरला. अपूर्वनं डोळे मिटले.

"काका काच ठोकत होते," तो म्हणाला. "मी समोरच्या सावलीत उभा होतो. ठोकणं थांबल्यावर गाडीपाशी गेलो."