ताईच्या डोक्यातला नकाशा

डोक्यात रक्तस्राव झालाय, हे स्कॅननं सांगितलं. कुठून झालाय, ते कोण सांगणार? छत गळतं तसलाच प्रकार. ओल एकीकडे आणि भोक भलतीकडेच. भोक सापडलं नाही तर नस पुन्हा फुटते, आणि दुसऱ्या खेपेला माणूस सहसा हाती लागत नाही. डॉक्टरीणबाईला हे सगळं तोंडपाठ होतं. पण आज टेबलावर तिची सख्खी ताई होती.

पहिल्या अँजिओग्राफीत काहीच दिसलं नव्हतं. अशा वेळी काही दिवस थांबून पुन्हा बघायचं, ही रीत. घरच्या माणसावर आपण हात चालवू नये, हीसुद्धा रीतच. पण इथं हे काम येणारं दुसरं होतं कोण?

"कशाला एवढं तोंड पाडतेस?" ताई म्हणाली. "माझ्या डोक्यातल्या उवा तूच शोधायचीस ना? हेही शोधशील."

भूल चढली. मांडीतून सरकवलेली नळी मानेपर्यंत पोचली, डाय सुटला आणि पडद्यावर मेंदूच्या रक्तवाहिन्या उमटल्या. एका फांदीवर वाटाण्याएवढा फुगा. सापडला बाई एकदाचा!

पण फांद्याच वेगळ्या होत्या. हे जाळं प्रत्येकाचं निराळं असतं आणि चार दिवसांत काही बदलत नाही. शेजारच्या पडद्यावर ताईचं आधीचं चित्र होतं. हे ते नव्हतंच.

"दुसऱ्याच कुणाची फाइल लागलीय का हो?"

"मॅडम, डाय तर आत्ताच सोडलात तुम्ही," तंत्रज्ञ म्हणाला. त्यालाही घाम फुटला होता.

तिनं पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

मग तिनं ते ओळखलं. मागच्या महिन्यात याच टेबलावर गेलेला ट्रक ड्रायव्हर. हीच वळणं, हाच फुगा. असा फुगा आतून बारीक तारेची वेटोळी भरून बंद करतात; त्याचा फुगा तसा भरतानाच वरच्या टोकाला फाटला होता.

अंगावर सर्रकन काटा आला. पण नकाशा कुणाचा का असेना, टेबलावर ताई होती. या वेळी तिनं वरच्या टोकाला तार टेकूसुद्धा दिली नाही. वेटोळ्यावर वेटोळं बसवत गेली. फुगा भरला, बंद झाला.

"जिंकलात, मॅडम!"

मास्क भिजेपर्यंत ती रडली.

पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी ताईला पुन्हा टेबलावर घेतलं, या वेळी जागी ठेवून. पडद्यावर ताईचं स्वतःचं जाळं उमटलं. डॉक्टरीणबाईनं सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यातच अडकला.

तार नव्हती.

तिनं चित्र मोठं केलं, फिरवून पाहिलं. तार नाही, फुगा नाही, कुणी हात लावल्याची खूणही नाही. म्हणजे ताईची गळती अजून तशीच होती.



"सापडलं का गं?" ताईनं विचारलं. "लवकर बघ बाई. सकाळपासून पुन्हा डोकं ठणकतंय."