तीन हाका

गेल्या जूनमधली गोष्ट सांगतो. आधी ऐकून घ्या, मग मला वेड्यात काढायचं तर खुशाल काढा.

बाबा गेले, म्हणून खातीपुऱ्याचं घर रिकामं करायला मी आणि माझा धाकटा भाऊ रणजीत जमलो होतो. मी जयपुरातच, विद्याधर नगरला राहतो. तो नागपूरहून आला होता. दुपारचे पावणेचार. बाहेर आंधी सुटलेली, वीज गेलेली, दाताखाली धूळ कचकचत होती. माळ्यावरून रणजीतनं जुना रेडिओ खाली काढला.

"दादा, तुझा पादरी!" तो हसला. मला हसू आलं नाही.

पादरी योना मसीह. रोज दुपारी चारला कुठल्याशा परक्या स्टेशनवरून हिंदीत बोलायचे. आम्ही दिवेलागणीला शुभंकरोति म्हणणारी माणसं, पण कॉलेजात असताना मला त्यांच्या जिभेची चटक लागली होती. जीभ कसली, आसूड! चर्चमधल्या बड्या धेंडांनाही सोडत नसत. सुनेला उपाशी ठेवून प्रार्थनेला येऊ नका, असं तोंडावर सांगायचे. श्रोत्यांची पत्रं आली त्या क्रमानं, नावगावासकट वाचायचे. भीड म्हणून नाही.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती. बाबा रेल्वेतले, त्यामुळे घरातही ड्यूटीची वही. आईच्या उशाशी बसणाऱ्यानं पुढच्याला चार्ज द्यायचा, पुढच्यानं सही करायची. त्या दुपारी रणजीत मला सांगून खेळायला गेला. मी मान डोलावली, पण सही केली नाही. योना सुरू होत होते. आतून आईनं हाक मारली, "जयंता..." मी रेडिओचा आवाज वाढवला. साडेचारला आत गेलो तेव्हा ती थंडगार पडली होती. हात पाण्याच्या पेल्याकडे.

"मला कुणी चार्ज दिलाच नाही," मी बाबांना सांगितलं. वहीत शेवटची सही रणजीतची होती, आणि बाबांचा वहीवर विश्वास. ते मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत. दादानं आपलं बोलणं ऐकलंच नसावं, चूक आपलीच, असं धरून तो वेडा चाळीस वर्षं जगला. माझी मलाच शिसारी येते.

योनांना मात्र मी चोरून एक पोस्टकार्ड टाकलं होतं. 'आईनं तीन हाका मारल्या. तिन्ही मी ऐकल्या.' त्याची पाळी यायच्या आतच ते वारले. सुटलो, असं वाटलं होतं मला.

मी रेडिओचं मागचं झाकण उघडलं. सेल नव्हते, नुसता गंज. तेवढ्यात खरखर झाली... आणि तो ओळखीचा खोकला.

"आज का आख़िरी ख़त... खातीपुरा, जयपुर से..."

रणजीतनं मान वर केली. मी बटण पिरगाळलं. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"यह ख़त मैं नहीं पढ़ूँगा. जिसने लिखा है, वही पढ़े. जिसे सुनना है, वह सामने बैठा है."

मग नुसती खरखर. खोली धुळीनं पिवळी पडली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, रणजीत, तू सांगितलेलं मी ऐकलं होतं रे.

"काय लिहिलं होतंस, दादा?"

"काही नाही... आठवत नाही आता."

रेडिओ बंद पडला. आणि आतल्या खोलीतून, जिथली खाटसुद्धा आम्ही सकाळीच देऊन टाकली होती, बारीक आवाज आला.

"जयंता... पाणी..."

मी जागचा हललो नाही. माझ्यानं हलवेना.

रणजीत उठला. "तू बस. मी बघतो." बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून तो आत गेला. दार लोटलं गेलं.

किती वेळ गेला कोण जाणे. तो बाहेर आला तेव्हा पेला रिकामा होता. माझ्याकडे न बघता त्यानं तो जमिनीवर ठेवला.

"आई म्हणाली, दादाला सांग..." तो हळू आवाजात म्हणाला. "तीन नव्हत्या. सात हाका मारल्या होत्या."