राणीचे ओठ वाळत नाहीत

हे खरं आहे. कुणाला पटवून देण्याइतकं त्राण माझ्यात उरलेलं नाही, पण खरं आहे.

आणि रात्रीबित्री काही नाही. भर दुपारी, तीनच्या सुमाराला घडलं. माझ्याच घरात, खिडक्या सताड उघड्या असताना.

माझी आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी घरी शिवणकाम करते. एक कान मशीनकडे, एक आईच्या खोलीकडे, असे दिवस काढले. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी ती गेली. परगावच्या धाकट्या भावाला मी फोनवर सांगितलं, झोपेतच गेली, हाकसुद्धा मारली नाही.

तो रडत म्हणाला, "ताई, तू होतीस म्हणून सुखाने गेली."

त्यानंतर माझी झोप उडाली. मन रमेल म्हणून भावानेच तैलरंगाच्या क्लासला माझं नाव घातलं. मन कसलं रमतंय... पण गेले.

मास्तर जुन्या वळणाचे. आधी नक्कल, मग अक्कल, म्हणायचे. माझ्या वाट्याला पुराणातल्या एका राणीचं चित्र आलं. तिला न बोलण्याचा शाप होता. ओठ घट्ट मिटलेले.

मास्तरांची एक खोड होती. छापील चित्र आणि आपला कॅनव्हास, दोन्ही उलटे लावायचे, डोकं खाली. सरळ ठेवलं की माणूस मनातलं काढतो, उलटं ठेवलं की दिसेल तेवढंच काढतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दोन महिने मी नुसते रंगाचे डाग बघून डाग काढत होते. चेहरा असा कधी पाहिलाच नाही.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी कॅनव्हास सरळ केला...

राणीचं तोंड उघडं होतं.

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"बाई, हे कुठे बघितलंत तुम्ही?"

त्यांच्यासमोरच सुरीने ओठ खरवडले, नवे मिटलेले ओठ रंगवले. चित्र वाळायला घरी आणलं आणि आईच्या खोलीत टेबलावर टेकवून ठेवलं. माझा पाण्याचा ग्लास तिथेच विसरला.

तीन वाजले असतील. दोरा तुटला म्हणून मी मशीन थांबवलं...

आतून आवाज आला.

पाण्याचा घोट गिळल्याचा.

मग दुसरा...

मला लगेच उठवेना. गेले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

ग्लास रिकामा होता. काठाला ओला लाल रंग लागला होता, ओठ टेकतात तेवढाच. आणि चित्रातलं तोंड पुन्हा उघडं होतं.

मास्तरांना फक्त एवढंच विचारलं, की ओठ का वाळत नाहीत. ते म्हणाले, तेल जास्त झालं असेल. याला आता सात महिने झाले. बाकीची राणी खडखडीत वाळली आहे. ओठ बोटाला अजून लागतात.

मी रोज दुपारी ग्लास भरून ठेवायचे. रोज रिकामा व्हायचा. चित्र टाकून द्यायचा धीर मला झाला नाही.

कारण आईने हाक मारली होती.

दोनदा. "अगं, पाणी दे गं."

मी ऐकलं होतं. मशीनवर डोकं टेकलं होतं, खूप दमले होते. म्हटलं, पाच मिनिटांनी देते. जाग आली तेव्हा सगळं संपलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच.

काल पहिल्यांदाच ग्लास भरलेला राहिला. तीन वाजता मी मशीन थांबवून कान दिला.

घोटाचा आवाज नाही आला...

कुणीतरी घसा खाकरला. बोलायच्या आधी आपण खाकरतो, तसा.

भाऊ रविवारी येतोय. तो नेहमी आईच्याच खोलीत झोपतो.