तीन नंबरची मशीन

लाईट यायला अजून तासभर तरी लागेल. कंदील जरा अलीकडं घ्या. तोवर तुम्ही विचारलंत ते सांगतो, शिरूरचं चालतं दुकान मी का बंद केलं ते.

दोन हजार सहा सालचा मार्च होता. एसटी स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका सकाळी केडगावहून माऊलीचा फोन आला. त्याचं स्टेशनजवळ गेमचं दुकान. पाच मशिनी, पाचही मीच जुळवून दिलेल्या.

"महेंद्रदादा, तीन नंबरची मशीन अडखळतीया. गाड्यांच्या रेसचा गेम लावला की मधीच झटके खाती. पोरं बसंना झालीत तिच्यावर."

"दुपारी येतो," म्हटलं.

माऊली म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, संघपालचा, जिवलग. पहिलीपासून दोघं एका बाकावर. संघा त्याच्या वर्षभर आधी गेला. न्हावऱ्याच्या पुढं एक वळण आहे, तिथं माऊलीकडून मागून नेलेली मोटारसायकल घसरली. एकटाच होता. सकाळी उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला दिसला. माऊली त्या रात्री दौंडला मावशीकडं होता. खबर कळताच धावत आला, खांदा दिला, आईच्या पायाशी बसून रडला. पुढं दर रविवारी तो आमच्याकडं जेवायला यायचा, आणि आई त्याला संघाच्या ताटात वाढायची.

केडगावात पोचलो तेव्हा उन्हं नुसती भाजत होती. रस्त्यावर माणूस नव्हता. माऊलीनं शटर अर्धं ओढून ठेवलेलं. आत अंधार, बंद खोलीचा कुबट वास, आणि त्यात गरम झालेल्या प्लॅस्टिकचा. तीन नंबरवर संघा बसायचा, म्हणून मी आधी तिच्याकडं बघायचंच टाळलं. मग बसलो.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा लावून ठेवता येतो. एका सेकंदात किती चित्रं निघतात, तो. साठच्या आसपास असला की गाडी पाण्यासारखी पळते. पंधराच्या खाली आला की झटके बसतात. गेम मोटारसायकलच्या शर्यतीचा. सुरुवातीला साठ, एकसष्ट, साठ, अगदी सुरळीत. एक पूल आला, पुलापुढं डावं वळण आलं, आणि आकडा धाडकन नवावर. वळण संपलं की पुन्हा साठ.

दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीतही.

मी डबा उघडला. पंख्यातली धूळ काढली, थंडाव्याची पेस्ट नवी लावली, ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर नवं टाकलं, रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला. शेवटी चार नंबरचं ग्राफिक्स कार्ड काढून तीनमध्ये घातलं आणि तीनचं चारमध्ये. चार नंबर सुसाट पळाली. तीन नंबर त्याच वळणावर अडखळली.

"झालं का वो दादा?" माऊली बाहेरूनच विचारायचा. आत येत नव्हता.

मग मी कार्डावरचं ओझं उतरवत गेलो. झाडं काढली, प्रेक्षक काढले, बाकीचे स्पर्धक काढले. मोकळा रस्ता आणि एकटी गाडी, एवढंच उरलं. एवढ्याला काही लागत नाही, पाच वर्षांची जुनी मशीनसुद्धा ते ओढेल. वळणावर आकडा सातवर आला.

माझं काम असंय की आकडा पडला तर कार्ड काहीतरी जड चित्र काढतंय, हे मी डोळे मिटून सांगू शकतो. कार्ड काढत होतं. पडद्यावर मात्र ते दिसत नव्हतं.

सावल्या आधीपासून बंद होत्या, जुन्या कार्डांना त्या झेपत नाहीत. उलटं करून बघू म्हणून मी त्या चालू केल्या.

गाडी पुलावर आली. रस्त्यावर तिची सावली पडली होती. गाडीवर एकच माणूस होता. सावलीत दोघं होते. मागच्यानं पुढच्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं होतं.

वळणावर चित्र थिजलं. आवाज मात्र चालू राहिला. अडकलेल्या मशिनीत आवाजाचा एकच तुकडा फिरत राहतो, हे नेहमीचंच आहे. पण तो इंजिनाचा नव्हता.

"मा... मा... मा..."

पाठीमागं काहीतरी फुटलं. माऊली चहा घेऊन आत आला होता. ग्लास खाली पडून चहा त्याच्या पायांवर सांडला होता, आणि तो पाय हलवत नव्हता.

"दादा, बंद करा."

"तुला दिसतंय?"

"बंद करा ना..."

मी हात उचलला नाही. आवाजाचा तुकडा हळूहळू लांब होत होता, जसा कुणी धाप लागलेला माणूस दरवेळी एकेक अक्षर पुढं ढकलतो.

"माऊ... माऊली... माऊली, जाऊ न..."

संघाचा आवाज मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तारच ओढली. पडदा काळा झाला. 

"गाडी कोण चालवत होतं?" मी विचारलं.

माऊलीनं काळ्या पडद्याकडं पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "त्यो माझ्या मागं बसला हुता."

"तू दौंडला होतास."

"न्हाई... पेलो हुतो, दादा. वळणावर गाडी सुटली. मला खरचटलं बी न्हाई. त्याला उठता येईना. बोलत हुता. जाऊ नको म्हनत हुता." त्यानं भिंतीला टेकून बसकण मारली. "कुनी बघितलं तर काय, आसं झालं मला. शेतातनं चालत चौफुल्याला गेलो. वाटलं, कुनीतरी येईल, उचलंल त्याला."

"किती वाजले होते?"

"नऊ."

संघा सकाळी सहाला सापडला. ट्रॅक्टरवाल्यानं मला तेव्हा बाजूला घेऊन सांगितलं होतं, की उचलला तेव्हा अंग अजून कोमट होतं.

मी माऊलीला मारलं नाही. हात धरून पोलीस स्टेशनला नेलं, आणि त्यानं मुकाट जबाब दिला. घरी येऊन आईला सांगितलं. ती उठली, ते ताट घासून पुसून कापडात बांधलं आणि माळ्यावर टाकून दिलं. वर्षभर आपण कुणाला वाढत होतो, एवढंच एकदा म्हणाली.

त्यानंतर माझं कामावरचं लक्ष उडालं. कुठलीही मशीन अडखळली की दुरुस्त करायचं सोडून मी ऐकत बसायचो. गिऱ्हाईक समोर उभं, आणि मी स्पीकरला कान लावून. कधीच काही आलं नाही. तीन नंबर मी घरी आणून ठेवली होती. तिच्यावर तोच गेम, तेच वळण, कितीदा खेळलो. आकडा साठवरून हलला नाही. मी सख्खा भाऊ. आई दाराकडं डोळे लावून बसलेली. आमच्याकडं तो एकदाही आला नाही. शेवटी दुकान बंद केलं.

दीडेक वर्षानं एका शाळेच्या कामासाठी केडगावला गेलो. माऊली जामिनावर सुटलेला, एवढं कानावर होतं. चौकात गिताबाईंचं चहाचं हॉटेल आहे, तिथं तो कोपऱ्यात बसलेला दिसला. हाडं वर आलेली. त्यानं मला पाहिलं नाही. त्याच्यापुढं चहाचे दोन ग्लास होते.

मी गिताबाईंना हळूच विचारलं, "दोन कशाला?"

"दोघं येत्यात की रोज," त्या म्हणाल्या. "त्यो दुसरा माझ्याकडं पाठ करूनच बसतो. तोंड न्हाई बघितलं कवा. पर हसरा हाय लई. त्योच बोलत ऱ्हातो, माऊली नुसता ऐकतो."

माऊलीच्या समोरचं बाकडं मोकळं होतं.  जो टाकून गेला त्याच्याकडं रोज, हसत. आणि आम्ही?

"काय बोलतो तो?"

गिताबाईंनी शेगडीवरचं पातेलं उतरवलं.

"मला कुठलं कळतंय समदं... पर आत्ता उठता उठता म्हनला त्ये ऐकलं मी. 'लई दिवस तू चालवलीस. आज गाडी मी चालवतो.'"

मी कोपऱ्याकडं वळलो. माऊलीची ती मोटारसायकल अपघातापासून पोलीस स्टेशनच्या आवारात गंजत पडलेली, मी येताना पाहिली होती. दोन्ही बाकडी आता मोकळी होती. रस्त्यावरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी धावत बाहेर गेलो तेव्हा चौकात धूळसुद्धा उडालेली नव्हती.