गोळा कुणाचा?

"एवढ्या उन्हात मैदानावर? सुलक्षणा, वेड लागलंय तुला!" टोपी सावरत जिनल ओरडली.

"मोबाइल आणलास ना? मग चल!"

भडगावच्या उन्हाळी शिबिरात गेल्याच आठवड्यात नवलच्या नडगीचं हाड मोडलं होतं. नवल म्हणजे तालुक्यातला सगळ्यात वेगवान धावपटू! बाकीची मुलं नाश्त्याला गेली होती. अडथळे उचलायला तो मैदानाच्या टोकाला गेला आणि लोखंडी गोळा येऊन पायावर आदळला. "किरणने न बघता फेकला," असं प्रशिक्षक हितेंद्र सरांनी सगळ्यांना सांगितलं. गोळाफेक शिकणाऱ्या किरणनेही ते मान खाली घालून कबूल केलं. तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. सुलक्षणासुद्धा नाही.

आज सकाळी मात्र तो तिच्या दारात येऊन रडला. "नवल तिकडे किंचाळत होता आणि मी नळावर पाणी पीत होतो गं!"

सुलक्षणा चमकली. पाणी पीत होता?

आता किरण गोळाफेकीच्या वर्तुळापाशी उभा होता. "गोळा फेकलास, मग काय केलंस?" तिने विचारलं.

"मागून बाहेर पडलो. नळावर गेलो, तोंड धुतलं, पाणी प्यायलो. मग किंकाळी ऐकली. सर धावत गेले. म्हणाले, तुझाच गोळा लागला."

"आता फेक! जिनल, व्हिडिओ घे!"

गोळा धप्पकन पडला. जिनलने व्हिडिओ तपासला. "दीड सेकंदसुद्धा नाही! हा तर अजून वर्तुळातच आहे!"

"मग तू नळावर जाऊन पाणी पिईपर्यंत गोळा हवेत तरंगत होता का?"

किरण हसला नाही. "उंच फेकला असेल."

"मग फेक उंच!"

उंच फेकलेला गोळा थोडा जास्त वेळ हवेत राहिला, पण जवळच पडला. सपाट फेकलेला लवकर टेकला. मधल्या कोनातून सगळ्यात लांब गेला, तरी नवल पडला होता ती जागा बरीच पुढे होती.

"तिथवर पोचायला हातातून सुटतानाच जास्त वेग हवा," सुलक्षणा म्हणाली. "तेवढा जोर तुझ्या दंडात नाहीच!"

तिथे एक खड्डा होता. त्या दिवशी मैदानावर पाणी मारलेलं होतं. नवलच्या पायावर आदळून गोळा चिखलात रुतला होता आणि चिखल तसाच वाळला होता. किरणचा गोळा त्यात ठेवला तर डुगडुगला. जिनलने साहित्याच्या खोलीतून मोठा गोळा कसाबसा उचलून आणला. तो खड्ड्यात चपखल बसला!

तो गोळा शिबिरात एकच माणूस फेकत असे. "हितेंद्र सर!" किरण पुटपुटला.

समारोपाला शिबिराचे प्रमुख अमृतनाना आले. जिनल गोड आवाजात म्हणाली, "नाना, सर मोठा गोळा किती लांब फेकतात, पाहिलंत?"

"अरे वा! दाखवा की, हितेंद्र!"

सर घुटमळले, पण नानांपुढे नाही कसं म्हणणार? गोळा गेला आणि जुन्या खड्ड्याच्या शेजारीच पडला. सुलक्षणा धावली. "नाना, इकडे या!"

तिने सगळं सांगितलं, व्हिडिओ दाखवला. नानांनी वाकून दोन्ही गोळे स्वतः खड्ड्यात ठेवून पाहिले.

"हितेंद्र?"

सरांचा चेहरा उतरला. "किरण नळाकडे गेल्यावर मी फेकला. नवल दिसलाच नाही. कुणी यायच्या आत गोळा उचलून ठेवला. माझं काम गेलं असतं, नाना. वाटलं, पोराला लोक माफ करतात."

"कुणीच केलं नाही, सर," किरण म्हणाला.

नानांनी सरांना तिथल्या तिथे काढून टाकलं. "शाब्बास, पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" टाळ्या कडाडल्या. सुलक्षणाला मात्र मान वर करवेना. किरणला तिने तरी एकदा विचारलं होतं का?

तिघं नवलच्या घरी गेली. त्याच्या आईने, भिकुबाईने, आठवड्यापूर्वी किरणला याच दारातून हाकललं होतं. सगळं ऐकून तिने पदर तोंडाला लावला. "मन्हं चुकनं रे पोरा! तुले काय काय बोलनू मी!"

"असू द्या, काकू."

नवल खाटेवर पडून होता. पायात सळई घातली होती. चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पळण्याचं विचारल्यावर, 'नंतर बघू' एवढंच म्हणाले होते.

"गोळा तुझा नव्हता, हे बरं झालं," नवल म्हणाला. "पण पाय तर तसाच आहे ना?"

"हो," किरण म्हणाला. नवलच्या पायाकडे बघण्याचा धीर त्याला आज पहिल्यांदाच झाला.