टकटक झाल्यानंतरचं पान

"पुढच्या अंकापासून संपादक म्हणून धाकट्याचं नाव जाईल," कपातली साखर ढवळावी इतक्या सहजपणे मामंजी म्हणाले. "तू आपली वाचून दाखवत जा, सूनबाई. पूर्वीसारखी."

वाचून दाखवत जा! परग्रहांवरच्या, यंत्रमानवांच्या, अजून न उजाडलेल्या युगांच्या कथांचं हे मासिक इतकी वर्षं तिनं एकटीनं ओढलं होतं. लेखकांची रटाळ पानं छाटून छाटून 'कात्रीबाई' हे नाव पदरात पाडून घेतलं होतं, त्यांचे रुसवेफुगवे काढले होते, छापखान्यात उभं राहून बोटं काळी करून घेतली होती... आणि घरच्यांच्या लेखी ती कोण, तर वाचून दाखवणारी!

टेबलाच्या पलीकडे धाकटे भाऊजी खाली मान घालून बसले होते. मनानं वाईट नव्हते बिचारे, पण अंतराळ म्हटलं की त्यांना फार तर घराची गच्ची आठवायची.

या घरात कथा निवडायची एक रीत होती. लेखकाचं नाव झाकायचं, कथा मोठ्यानं वाचायची आणि मामंजींना कंटाळा आला की त्यांनी बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक करायचं. टकटक झाली की कथा तिथंच संपली; वाक्य अर्धं असलं तरी वाचणाऱ्यानं कागद पालथे घालायचे. आणि दुसरा नियम असा, की संपादकानं स्वतःची कथा स्वतःच्या मासिकात छापायची नाही. दोन्ही नियम मामंजींचे, त्यामुळे त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती.

तीही या घरात पहिल्यांदा आली ती हातात कथा घेऊनच. दुसऱ्या पानावर टकटक झाली. पडलेल्या चेहऱ्यानं निघालेल्या त्या मुलीला फाटकापर्यंत सोडून येतो म्हणून थोरला मुलगा गेला, तो बऱ्याच वेळानं परतला आणि परतला तो लग्नाचं ठरवूनच. पुढं मामंजींची दृष्टी अधू झाली, एका आजारपणात तिचा नवरा गेला, आणि डोळे पुसून ती संपादकाच्या खुर्चीवर बसली. संपादकाची कथा छापायची नाही, म्हणून तिनं लिहिणंच सोडून दिलं. सोड असं कुणी म्हटलं नव्हतं... का सोडलंस, असंही कुणी विचारलं नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणजे आजपासून मी संपादक नाही."

"तसंच समज."

"मग एक कथा वाचते. तेवढंच काम उरलंय ना माझं."

तिनं कपाटातून पिवळट पडलेले कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. दूरच्या ताऱ्याकडे एक यान निघालेलं असतं. सगळे प्रवासी गाढ निद्रेत, आणि जागी फक्त एक तरुणी, कारण कुणीतरी जागं राहायलाच हवं. दुसऱ्या पानावर ती नुसतीच फिरते, प्रत्येकाचा श्वास चालू आहे ना ते पाहते...

टकटक.

ती थांबली नाही.

"वहिनी," भाऊजी कुजबुजले, "टकटक झाली."

"ऐकलं मी," ती म्हणाली आणि पान उलटलं.

पुन्हा टकटक झाली, या वेळी इतक्या जोरात की कपबशी खुळखुळली. या टेबलाशी आजवर असं कधी घडलं नव्हतं. डोळ्यांपुढची अक्षरं विरघळत होती, पण अंतःकरणात वर्षानुवर्षं कोंडलेलं सगळं आता उसळून वर आलं होतं आणि ते कुणाच्या बोटाला भिणार नव्हतं. यान वादळातून गेलं, जागी असलेली तरुणी त्यातच म्हातारी झाली, शेवटी तिनं यान एका नव्या भूमीवर उतरवलं. झोपलेले जागे झाले, तसेच तरुण. तिच्याभोवती जमून त्यांनी विचारलं, "आजी, यान चालवत कोण होतं?"

"मी," म्हातारी म्हणाली. "आणि आता दार कधी उघडायचं, तेही मीच ठरवणार."

तिनं कागद खाली ठेवले. मामंजींचं बोट हवेतच राहिलं होतं.

"ही कथा..." ते म्हणाले. "ही मी ऐकली आहे."

"दीड पान ऐकलंत. एक शब्द बदललेला नाही मी."

"माझ्या मुलानं ऐकली होती?"

"फाटकापाशी उभ्यानं. शेवटपर्यंत." तिचा हुंदका आता आवरेना. "म्हणून तर मी या घरात आले, मामंजी."

त्या अधू डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ताठ मानेनं जगलेला तो माणूस पहिल्यांदाच तिच्यासमोर वाकला होता, आणि तिला त्यांची दयाही आली, पण तिनं ती ओठांवर येऊ दिली नाही.

"मला नको ती खुर्ची," भाऊजी एकदम म्हणाले. "आयुष्यात ही एक कथा मला कळली, वहिनी. बाकीच्यांचं मी काय करणार?"

"कथा पहिल्या पानावर घेऊ," मामंजी सावरून म्हणाले. "पण खुर्ची तुझ्याकडे राहिली तर... संपादकाची कथा आपण..."

"संपादक म्हणून नाव माझं जाईल. लेखिका म्हणूनही माझंच. एक नियम मघाशी मोडलाच आहे, त्याच्या सोबतीला दुसराही जाऊ दे."

चाचपडत मामंजींनी तिच्यापुढचे कागद शोधले आणि तिच्याकडे सरकवले.

"पहिल्यापासून वाच."

ती वाचू लागली. दुसऱ्या पानावर, नेमक्या त्या ओळीपाशी, सवयीनं तिची नजर टेबलाकडे गेली.

मामंजींनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून मांडीवर ठेवला होता.