ऑक्टोपसचा धडा गेला कुठे?

"शाल्मलीने ऑक्टोपसचा धडा पूर्ण ऐकला आहे," भोंग्याने जाहीर केलं आणि त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा लागला.

भोंग्या म्हणजे घरात शिकवणारा यंत्रमानव. उंचीने स्टुलाएवढा, पोटाच्या जागी मोठा गोल स्पीकर. त्यावरूनच शाल्मलीने त्याचं हे नाव ठेवलं होतं.

"छान!" आई म्हणाली. "मग सांग बघू, ऑक्टोपसला हृदयं किती असतात?"

शाल्मलीने आठवून पाहिलं. धडा तिने कालच ऐकला होता. वाचणाऱ्या बाईंचा गोड आवाजसुद्धा आठवत होता. पण ऑक्टोपस मात्र पार निसटला होता.

"एक?"

"तीन. आणि त्याच्या रक्ताचा रंग?"

"लाल?"

"निळा," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

नवल म्हणजे, आदल्या आठवड्यात ऐकलेला देवमाशाचा धडा शाल्मलीला जवळजवळ पाठ होता. तेच पुस्तक, तोच आवाज, तेच कान. मग एक धडा डोक्यात राहिला आणि दुसरा गेला कुठे?

शाल्मली आणि तिची आई वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रात तरंगणाऱ्या केंद्रावर राहत होत्या. लाटांच्या हालचालीतून तिथे वीज तयार होई आणि आई तिथली मुख्य इंजिनिअर होती. समुद्रात शाळा कुठली? म्हणून शाल्मली घरीच शिकायची आणि बहुतेक पुस्तकं ऐकूनच शिकायची. तिला डिस्लेक्सिया होता (हुशारी असूनही अक्षरं ओळखायला आणि जोडायला अडचण येणं). 'घ' आणि 'ध' तिच्या डोळ्यांपुढे सारखे जागा बदलत. एक पान वाचेपर्यंत ती दमून जायची.

"पुढच्या महिन्यात परीक्षक येणार आहेत," आई म्हणाली. "घरचं शिक्षण नीट चालत नाही असं त्यांना वाटलं, तर तुला किनाऱ्यावरच्या वसतिगृहात जावं लागेल. मला वाटतं, आता हे ऐकणं बंद करावं. ऐकायचं आणि विसरायचं, याला अभ्यास कसं म्हणायचं?"

शाल्मलीला केंद्र सोडायचं नव्हतं. आणि पुस्तकं बंद झाली, तर देवमासे, ज्वालामुखी, धूमकेतू सगळेच बंद झाले असते.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन येणाऱ्या लाँचमधून आजोबा आले. आईचे वडील. माणूस कसा ऐकतो आणि ऐकलेलं मेंदूत कसं साठतं, याच्या संशोधनात त्यांची सारी हयात गेली होती. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, पण ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "देवमाशाचा धडा ऐकताना तुझे हात काय करत होते?"

"हात?" शाल्मली बुचकळ्यात पडली. "आईला वाल सोलून देत होते. बिरड्याची उसळ होती ना त्या दिवशी."

"आणि ऑक्टोपसच्या वेळी?"

शाल्मलीने मान खाली घातली. "मावसबहिणीशी गप्पा. टॅबवर, छोटे छोटे निरोप लिहून."

"अस्सं!" आजोबांचे डोळे चमकले. "मग आपण प्रयोगच करू. भोंग्या, शाल्मलीने कधीच न ऐकलेले धडे काढ."

पहिला धडा मुंग्यांचा होता. तो ऐकताना शाल्मलीने वाल सोलले. दुसरा वाळवंटाचा. तो ऐकताना तिने मावसबहिणीला निरोप लिहिले. तिसरा धडा काचेचा. तो तिने खुर्चीत नुसतं बसून ऐकला. प्रत्येक धड्यानंतर आजोबांनी प्रश्न विचारले.

मुंग्यांबद्दल तिने धडाधड सांगितलं. वाळवंटाबद्दल तिला "वाळू असते" याखेरीज काहीच सांगता येईना. काचेच्या धड्याचं तर भलतंच झालं. सुरुवातीचं सगळं आठवलं, पुढचं पुसल्यासारखं गेलं.

"मध्येच खिडकीतून एक समुद्रपक्षी दिसला," ती ओशाळून म्हणाली. "मग मी त्याच्याबरोबरच गेले."

आजोबा खळखळून हसले. "आता नीट ऐक. आवाज म्हणजे हवेतली कंपनं. ती कानाच्या पडद्यावर आदळतात, आतल्या इवल्या हाडांमधून पुढे जातात आणि शेवटी विजेच्या बारीक संदेशांच्या रूपात मेंदूत पोचतात. वाळवंटाचा धडासुद्धा तुझ्या मेंदूत पोचला होता बरं का."

"मग राहिला का नाही?"

"कारण मेंदूत कार्यस्मृती नावाची सोय असते (हातातलं काम होईपर्यंत माहिती धरून ठेवणारी तात्पुरती आठवण). तिथे जागा फार थोडी. ऐकलेल्या शब्दांचा अर्थ तिथेच लागतो आणि निरोप लिहायचे शब्दही तिथेच जुळवावे लागतात. दोघं एकाच जागेसाठी भांडले आणि धडा बाहेर फेकला गेला."

"आणि वाल?"

"वाल सोलायला तुला शब्द लागतात का? तुझ्या बोटांना ते काम सवयीचं आहे. उलट त्यामुळे तुझं मन एखाद्या पक्ष्यामागे गेलं नाही."

शाल्मली हळूच म्हणाली, "आजोबा, वाचताना माझं असंच होतं का? अक्षरं लावण्यातच सगळी जागा भरून जाते?"

आजोबांनी आईकडे पाहिलं. आई हातातलं काम सोडून जवळ येऊन बसली होती.

"अगदी बरोबर," आजोबा म्हणाले. "वाचनात दोन कामं असतात. अक्षरांवरून शब्द ओळखायचा आणि शब्दांवरून अर्थ लावायचा. पहिल्याच कामात तुझी दमछाक होते. ऐकताना ते काम वाचणारा करतो, म्हणून दुसऱ्या कामाला जागा मिळते."

"पण अण्णा, नुसतं ऐकून ही वाचायला कधी शिकणार?" आईने विचारलं.

"नाहीच शिकणार. त्यासाठी डोळ्यांनाही कामाला लावायला हवं. भोंग्याने हळू वाचायचं आणि हिने छापील पानावर बोट फिरवत त्याच्याबरोबर जायचं. शिवाय रोज अक्षरओळखीचा स्वतंत्र सराव. वेळ लागेल, पण जमेल."

"मला अजून एक सुचलंय," शाल्मली उठून उभी राहिली. "भोंग्या, धडा संपला की तू 'पूर्ण ऐकला' म्हणतोस. तुला काय ठाऊक मला कळला की नाही?"

"मला फक्त आवाज कुठवर वाजला ते कळतं," भोंग्या म्हणाला.

"मग यापुढे मध्येमध्ये थांबायचं आणि म्हणायचं, 'आता तू सांग.' मी सांगितल्याशिवाय हिरवा दिवा लावायचा नाही!"

"शाब्बास!" आजोबांनी तिची पाठ थोपटली. "आठवून सांगितलेलं जास्त पक्कं होतं. हे शोधायला आम्हाला किती प्रयोग करावे लागले होते!"

महिनाभर आजोबा तिथेच राहिले आणि तसंच चाललं. भोंग्याचा दिवा कधीकधी लागायचाच नाही आणि शाल्मली चिडायची. मग पुन्हा ऐकायची.

परीक्षक लोटलीकरबाई आल्या तेव्हा त्यांनी बॅगेतून एक पुस्तक काढून शाल्मलीपुढे ठेवलं. "हे पान मोठ्याने वाच."

शाल्मली वाचू लागली. पहिल्या ओळीत ती दोनदा अडखळली, दुसरीत चारदा. बाईंच्या कपाळाला आठी पडली. शाल्मलीचे कान तापले होते, पण तिने पान संपवलं आणि मान वर केली.

"बाई, मला वाचायला वेळ लागतो. समजायला लागत नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाल का?"

"म्हणजे काय करू?"

"पुढचं पान तुम्ही वाचा. मग मला काहीही विचारा."

बाईंनी भरती-ओहोटीचं पान वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय कळलं?"

"अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. सूर्य आणि चंद्राची ओढ एक होते आणि मोठी भरती येते, उधाणाची. अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ वेगवेगळ्या दिशांना असते, म्हणून भरती लहान, भांगाची." ती थांबली आणि तिचा चेहरा उजळला. "आई, म्हणून तू पौर्णिमेच्या आधी नांगराच्या साखळ्या तपासतेस? उधाणात आपलं केंद्र जास्त वर उचललं जातं म्हणून?"

"हो," आई म्हणाली. "मी तुला हे कधीच सांगितलं नव्हतं."

"माझ्या पुस्तकातही नाही," लोटलीकरबाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं. "शाल्मली इथेच शिकू दे. वाचनाचा सराव मात्र चालू हवा, मी सहा महिन्यांनी पुन्हा पाहीन." मग त्या पुस्तक बॅगेत ठेवत म्हणाल्या, "अशा इतर केंद्रांवरही काही मुलं आहेत. त्यांना मी पान वाचायला लावते, ती अडखळतात आणि मी पुढे निघते. आता त्यांना आधी वाचून दाखवीन."

लाँच निघून गेल्यावर आजोबांनी धूमकेतूंचं नवं पुस्तक काढलं. भोंग्या वाचायला सुरुवात करणार, तोच शाल्मलीने हात वर केला.

"थांब. पहिली ओळ मी."

तिने बोट ठेवलं. एका शब्दावर ती बराच वेळ अडली. मग तो शब्द उलगडला आणि त्यामागून सगळी ओळ आली: लांब शेपटीचा एक पाहुणा सूर्याकडे निघाला होता.

"कुठून निघाला?" शाल्मलीने विचारलं आणि कोणी उत्तर द्यायच्या आतच तिचं बोट दुसऱ्या ओळीवर गेलं.